फिजिओथेरपीची पदवी: पहिल्या वर्षापासून हात कसा बसवायचा

फिजिओथेरपीला प्रवेश घेतला असं सांगितलं की समोरून ठरलेल्या दोन प्रश्नांपैकी एक येतो. "म्हणजे मसाज ना?" किंवा "ते मशीन लावतात, ते?" रागावू नका. पहिल्या प्रश्नाला तर इतिहासाचा आधार आहे. १८९४ साली ब्रिटनमध्ये चार परिचारिकांनी मसाजचं शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची एक संस्था काढली, आणि आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी तिच्यातूनच वाढली. पुढे पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक आणि पोलिओच्या साथी यांनी हे काम व्यायामाकडे, स्नायूंच्या तपासणीकडे आणि माणसाला पुन्हा चालतं करण्याकडे नेलं. मसाज आजही अभ्यासक्रमात आहे, पण एका कोपऱ्यात.

नव्याने येणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच असते. शाळेत ज्या पद्धतीने मार्क मिळवले, त्याच पद्धतीने ते इथे अभ्यास सुरू करतात: वाचा, अधोरेखित करा, पाठ करा, लिहा. पहिल्या परीक्षेपर्यंत ते चालून जातं. नंतर एक दिवस समोर पेशंट बसतो, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतो आणि म्हणतो, "इथे दुखतं." त्याच्या बोटाखाली नेमकं काय आहे हे सांगता येत नाही. म्हणून या लेखात पायरी कुठलीही असली तरी आग्रह एकच दिसेल: जे वाचलं ते त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताखाली यायला हवं.

पायरी १: प्रवेशाच्या आधी

पदवीची लांबी देशानुसार बदलते. कुठे ३ वर्षं, कुठे ४, कुठे इंटर्नशिप धरून त्याहून जास्त. अमेरिकेत तर आधी एक पदवी घ्यायची आणि मग डॉक्टरेट पातळीचा कोर्स करायचा. वर्षांची तुलना करत बसण्यापेक्षा दोन चौकश्या करा.

पहिली चौकशी नोंदणीची. जिथे काम करायचा विचार आहे तिथली परिषद किंवा मंडळ ही पदवी मानतं का? कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नका. नोंदणी देणाऱ्या संस्थेची यादी स्वतः उघडून बघा.

दुसरी चौकशी पेशंटची. इमारत, लॅब, नवीकोरी मशीनं हे सगळं दाखवायला छान असतं. तुम्ही तिसऱ्या किंवा शेवटच्या वर्षातल्या एखाद्याला गाठा आणि विचारा, "गेल्या आठवड्यात तू स्वतः किती पेशंट तपासलेस? तेव्हा सर किंवा मॅडम शेजारी होत्या का?" उत्तर देताना तो घुटमळला तर समजून घ्या. हाडं-सांधे, मेंदू-मज्जासंस्था आणि हृदय-फुफ्फुसं या तिन्ही विभागांत पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष कामाच्या पाळ्या, मिळतात का, हेही विचारा. काही ठिकाणी ऑर्थोचे (हाडं-सांध्यांचे) पेशंट भरपूर असतात आणि आयसीयू फक्त दारातून दाखवतात.

जमलं तर परवानगी काढून एखाद्या फिजिओथेरपी विभागात अर्धा दिवस नुसतं बसा. बघण्यासारखं फारसं काही घडत नाही, आणि तेच बघायचं असतं. एक बाई गुडघा वाकवते, सोडते, पुन्हा वाकवते. शेजारी उभा असलेला थेरपिस्ट मोजतो, बोलतो, थांबवतो, हात थोडा सरकवतो. तासाभरात तुम्हाला जांभया आल्या तर हरकत नाही, पण 'त्याने हात का सरकवला' हा प्रश्न एकदाही पडला नसेल तर प्रवेशाचा पुन्हा विचार करा. दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून इथे आलेले खूपजण असतात. त्यात कमीपणा नाही. चार वर्षं तीच कुरकूर करत राहणारा मात्र वाया जातो, आणि त्याचा लॅब पार्टनरही.

पायरी २: अ‍ॅनाटॉमी (शरीररचना), आणि ती कुठल्या क्रमाने

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फिजिऑलॉजी महत्त्वाची आहे, स्नायू कसा आकुंचन पावतो आणि श्रमात हृदयाची गती का वाढते हे पुढे रोज लागतं. पण ती वाचून समजते. अ‍ॅनाटॉमीचं तसं नाही.

क्रम ठेवा: हाड, सांधा, स्नायू, नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नाही). बरेच विद्यार्थी थेट स्नायूंचे तक्ते पाठ करायला घेतात. उगम (स्नायू जिथून निघतो), निवेश (जिथे जाऊन चिकटतो), नस, क्रिया असे चार रकाने आणि शंभरेक ओळी. आठवड्यात सगळं एकमेकांत मिसळतं. आधी हाड हातात घ्या. फीमर (मांडीचं हाड) असेल तर डोकं आत आणि वर, मागच्या बाजूला लिनिया अ‍ॅस्पेराची कड. झाली बाजू नक्की, डावं की उजवं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. मग त्या हाडावरचा प्रत्येक उंचवटा आपल्या अंगावर शोधा.

एक करून बघा. उभे राहा, तळहात कमरेच्या हाडावर ठेवा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूने साधारण एक वीत खाली सरका. आता पाय थोडा सैल सोडून टाच जागेवर ठेवा आणि पावलाचा पुढचा भाग आत-बाहेर फिरवा. बोटांखाली काहीतरी टणक गोल फिरतं. तो ग्रेटर ट्रोकँटर. पुस्तकातल्या चित्रात तो एक बाण असतो. इथे तो फिरताना कळतो, आणि मांडी फिरवणारे स्नायू त्यालाच का चिकटलेत हेही लगेच उमजतं. एकदा असं सापडलं की पुन्हा पाठ करावं लागत नाही. सडपातळ मित्रावर सापडला म्हणून थांबू नका. जाड माणसावर, म्हाताऱ्या माणसावर, कपड्यावरून शोधा. पेशंट चित्रातल्यासारखे नसतात.

स्नायूंची क्रिया पाठ करू नका, ती काढा. उगम आणि निवेश यांच्यामध्ये दोरा ताणलाय असं समजा आणि दोरा आखडला तर सांधा कुठे जाईल ते बघा. रेक्टस फीमोरिस खुब्याच्या वरून निघतो आणि गुडघ्याची वाटी ओलांडून नडगीच्या हाडाला जातो, म्हणजे तो दोन सांधे ओलांडतो. खुबा वाकवतो, गुडघा सरळ करतो. ही एवढी गोष्ट नीट समजली तर पुढच्या वर्षी निम्मं मोजमाप सोपं जातं. ते कसं, ते खाली येईल. खांद्याच्या रोटेटर कफचे चारही स्नायू याच पद्धतीने काढा: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. चौथा एकटाच पुढच्या बाजूला आहे, म्हणून तो हात आत फिरवतो. नियम पाठ नाही केला, जागेवरून निघाला.

नसांसाठी मात्र पाठांतराला पर्याय नाही. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेच्या पाचव्या ते पाठीच्या पहिल्या नसेपर्यंतचं जाळं, सी ५ ते टी १. ते रोज एकदा कोऱ्या कागदावर काढा, पुस्तक बंद ठेवून. पंधरवड्यात हात आपोआप चालतो. मग प्रत्येक फांदीच्या टोकाला एक चित्र जोडा: रेडियल नस गेली की मनगट लोंबकळतं, अल्नर गेली की शेवटची दोन बोटं नखीसारखी वळतात. या चित्रांमुळेच ते जाळं शेवटच्या वर्षापर्यंत टिकतं.

डिसेक्शन हॉलबद्दल दोन वाक्यं. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, पहिल्या दिवशी एखाद्याला गरगरतं. उपाशीपोटी जाऊ नका आणि गरगरलं तर न लाजता बाहेर येऊन बसा. आणि तिथे फोन बाहेर काढायचा नाही. ज्याने देह दिला त्याने तो तुमच्या स्टेटससाठी दिलेला नाही.

पायरी ३: हालचालीचं गणित

बायोमेकॅनिक्सचं नाव ऐकून पोटात गोळा येतो, कारण त्यात बल, तरफ, मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम) असं सगळं भौतिकशास्त्र आहे. घाबरण्याइतकं गणित पदवीला नसतं. तरफेचे तीन प्रकार स्वतःच्या अंगावर दाखवता आले पाहिजेत: मान डोलावताना पहिला, चवड्यांवर उभं राहताना दुसरा, कोपर वाकवून वजन उचलताना तिसरा. खांदा वर नेताना दंडाचं हाड आणि खांद्याचं फरं साधारण २:१ या प्रमाणात फिरतात. मित्राचा शर्ट काढून पाठीमागून बघितल्याशिवाय हे पटत नाही.

चाल शिकायला लॅब लागत नाही. एका पायाचं चक्र धरलं तर साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. हे आकडे लक्षात ठेवा आणि मग जिथे माणसं चालतात तिथे बसा. कोण लंगडतंय हे कुणालाही दिसतं. 'कुठल्या टप्प्यात लंगडतंय' हे बघायची सवय लावा. उजव्या पायावर उभं असताना कंबर डावीकडे खचत असेल तर दोष उजव्या ग्लुटियस मीडियसकडे (खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूकडे) शोधायचा, डावीकडे नाही. परीक्षेत निम्मे विद्यार्थी इथे बाजू उलटी सांगतात.

पायरी ४: लॅबमधला पार्टनर

प्रॅक्टिकल एकमेकांवर होतात. याचा अर्थ शॉर्ट्स, बाह्या नसलेला बनियन, उघडी पाठ. पहिले काही दिवस सगळ्यांनाच अवघड वाटतं आणि ते वाटायलाच हवं. पेशंटला कसं वाटतं हे कळण्याची दुसरी जागा नाही. हात लावण्याआधी सांगा, विचारा, जेवढा भाग लागतो तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. नखं कापलेली, अंगठी-घड्याळ काढलेलं, तळवे गार असतील तर आधी चोळून घ्या. पार्टनरला एखादी गोष्ट नको असेल तर ती नको, कारण विचारायचं नाही. कुणाच्या सांध्याला आधीची इजा असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगून टाकावी.

पार्टनर दर महिन्याला बदला. जिवलग मैत्रिणीवर वर्षभर सराव केला की तिचा गुडघा पाठ होतो, गुडघा पाठ होत नाही.

आता गोनिओमीटर. प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आणि मध्ये एक चकती, एवढंच ते साधन, पण पहिल्या सहा महिन्यांत हाताला वळण लावतं ते हेच. गुडघा किती वाकतो ते मोजायचं आहे. पार्टनरला उताणं झोपवा. चकतीचं केंद्र मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गाठीवर, म्हणजे लॅटरल एपिकाँडाइलवर. स्थिर पट्टी ग्रेटर ट्रोकँटरच्या दिशेने (तो शोधून ठेवला होता ना?), हलती पट्टी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. टाच पलंगावरून सरकवत गुडघा वाकवायला सांगा. निरोगी तरुणाचा साधारण १३५ अंशांच्या आसपास येतो.

आता त्यालाच पालथं झोपवा आणि पुन्हा मोजा. अनेकांचा आकडा कमी येतो. का? पालथं झोपल्यावर खुबा सरळ राहतो, म्हणजे रेक्टस फीमोरिस वरच्या टोकाला आधीच ताणलेला असतो; गुडघा वाकवला की खालूनही ताणला जातो आणि मध्येच अडवतो. सांधा तोच, अडवणारा वेगळा. उताणं असताना खुबाही वाकतो, म्हणून तो स्नायू सैल राहतो. एवढ्या पाच मिनिटांत अ‍ॅनाटॉमी, बायोमेकॅनिक्स आणि तपासणी तिन्ही एका जागी येतात. आकडा लिहिताना पेशंट कुठल्या स्थितीत होता ते का लिहायचं, हेही यातूनच कळतं.

स्नायूंची ताकद ० ते ५ या श्रेणीत मोजतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने नसांच्या जखमांसाठी ही मांडणी रुजवली. खुंटा ३ वर ठोका: गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल होते का? होत असेल तर प्रतिकार देऊन ४ की ५ ते ठरवा. होत नसेल तर स्थिती बदलून गुरुत्वाकर्षण काढून टाका आणि २ आहे का बघा. तेही नसेल तर बोट स्नायूवर ठेवा आणि नुसती फुरफुर जाणवते का पाहा. ती १, काहीच नाही तर ०. ४ आणि ५ यांच्यातला फरक तुमच्या ताकदीवर ठरत नाही, पेशंटच्या दुसऱ्या बाजूशी ताडून ठरतो. आणि एक गोष्ट पुस्तकाच्या तळटीपेत असते ती इथे वर घेतो: पक्षाघातानंतर स्नायू ताठरलेले असतील तर या श्रेणीवर भरवसा ठेवता येत नाही. तरीही केसशीटमध्ये रकाना आहे म्हणून आकडे भरले जातात. तुम्ही भरू नका.

पायरी ५: मशीनं

इलेक्ट्रोथेरपीबद्दल माझं मत थोडं कडू आहे. नवख्यांना ती आवडते कारण बटण दाबलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक दुखण्यांत ती जोडीची मदत असते, मुख्य काम व्यायाम आणि हालचालच करते. म्हणून उलट क्रमाने शिका: मशीन कुणाला लावायचं नाही, हे आधी. पेसमेकर असलेला माणूस, गर्भार बाई, कर्करोगाची जागा, संवेदना गेलेली त्वचा. शॉर्टवेव्ह डायथर्मी (रेडिओ लहरींनी खोलवर शेक देणारं मशीन) २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते आणि आत धातू असेल तर तिथे उष्णता एकवटते, म्हणून शस्त्रक्रियेची प्लेट बसवली आहे का हा प्रश्न तोंडपाठ हवा. शेक देण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या लावून पेशंटला डोळे मिटून फरक सांगता येतो का बघतात. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी हेच गाळलं जातं.

अल्ट्रासाउंडचं (इथे ध्वनिलहरींनी उपचार करणारं मशीन) १ मेगाहर्ट्झ खोल जातं, ३ मेगाहर्ट्झ वरवर राहतं. नवख्यांना हे उलटं वाटतं, म्हणून हमखास विचारतात. टेन्स (त्वचेवरून सौम्य करंट देणारं मशीन) वेदना का कमी करतं हे सांगताना मेल्झॅक आणि वॉल यांचा १९६५ चा गेट कंट्रोल सिद्धान्त (स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात) यायला हवा. प्रत्येक मशीनचा करंट आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा. पेशंटला "मुंग्या आल्यासारखं वाटेल" असं सांगताना ते कसं वाटतं हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

पायरी ६: पोस्टिंग

इथून पदवी खरी सुरू होते. आदल्या रात्री काय वाचू, असं जो तो विचारतो. त्या विभागातले नेहमीचे तीन-चार आजार आणि त्यांची तपासणी वाचा, बस. बाकी पेशंट शिकवतो.

पहिल्या आठवड्यात उपचारांच्या मागे लागू नका. हिस्टरी घ्यायला शिका. पेशंटला वाक्य पुरं करू द्या. आपण फार लवकर तोडतो. दुखणं कुठे, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, रात्री झोपेतून उठवतं का, आणि त्यामुळे काय करता येईनासं झालंय. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली आयसीएफ ही मांडणी स्वीकारली, तिचा गाभा हाच: आजाराच्या नावाबरोबर माणसाचं जगणं कुठे अडलंय ते लिहा. 'गुडघा ११० अंश वाकावा' हे तुमचं माप झालं. 'आजींना खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता यावं' हे ध्येय. दोन्ही लिहा, पण पेशंटशी बोलताना दुसरं बोला.

नोंदी चार भागांत ठेवतात: पेशंट काय म्हणाला, तुम्हाला काय आढळलं, त्यातून काय निष्कर्ष काढला, पुढे काय करणार. पहिले दोन भाग एकमेकांत मिसळू देऊ नका. 'पेशंटला बरं वाटतंय' हे पहिल्यात, 'टाइम्ड अप अँड गो १८ सेकंद' हे दुसऱ्यात. ही चाचणी अगदी साधी आहे: खुर्चीतून उठणे, ३ मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, घड्याळ सोडून काही लागत नाही.

आता धोक्याच्या खुणा. कंबरदुखीच्या पेशंटला लघवी अडकतेय किंवा कळत नाहीये, मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय, दोन्ही पायांतली ताकद जातेय, तर व्यायाम नाही, शेक नाही. लगेच वरिष्ठांना सांगायचं, त्याच क्षणी. शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखतेय, तरीही तसंच. "मॅडम कामात होत्या म्हणून थांबलो" हे कारण चालत नाही. कारण नसताना वजन घटणं, ताप, रात्रीची न थांबणारी वेदना, हेही कानावर आलं की लिहून वर पोचवा. निदान करणं विद्यार्थ्याचं काम नाही. खूण दिसल्यावर गप्प न बसणं हे आहे.

पक्षाघाताच्या पेशंटला पलंगावरून खुर्चीत घेणं हे पहिल्या पोस्टिंगमधलं सगळ्यात भीतीदायक काम. तयारीतच निम्मं काम असतं. फाइल बघा, रक्तदाब घ्या. कॅथेटरची नळी, सलाइन कुठून कुठे जातंय ते बघा. चाकाची खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, तिरकी, ब्रेक लावलेली, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेल्या. आधी कडेला बसवा आणि थांबा. चेहरा बघा, बोला. उठल्यावर ३ मिनिटांत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर येऊ शकते, म्हणून घाई नको. पावलं जमिनीवर सपाट, मागे ओढलेली. "काका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येऊ द्या, आणि माझ्याबरोबर उठा." वजन पुढे आलं की माणूस निम्मा आपोआप उठतो. तुमचे गुडघे वाकलेले, पाठ सरळ, हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर. लुळ्या हाताला धरून कधीही ओढायचं नाही. आधार द्यायला स्नायूच नसल्यामुळे खांदा खाली सरकतो, आणि ते दुखणं पुढे महिनोन्‌महिने पुरतं. नातेवाईक नेमके तिथेच धरतात. त्यांना आधी दाखवा, मग पेशंट उठवा.

घरी करायचे व्यायाम सांगणं हे वेगळंच कौशल्य.

"काकू, हे दहा वेळा, दिवसातून तीनदा करायचं. कळलं?"

"हो, कळलं."

हे 'हो' कामाचं नाही. असं विचारा: "काकू, घरी गेल्यावर काय करणार ते एकदा मला करून दाखवा बरं." बहुतेक वेळा दुसराच व्यायाम दिसतो. पाच व्यायाम देऊन एकही न होण्यापेक्षा दोन द्या. पुढच्या वेळी त्यांनी केले नाहीत असं कळलं तर रागवायच्या आधी कधी करायचे, कुठे करायचे, खाली बसता येतं का, हे विचारलं होतं का ते आठवा.

पायरी ७: परीक्षा

लेखी परीक्षेवर इथे फार लिहीत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा आणि आकृत्या काढा. प्रॅक्टिकल आणि व्हायवा मात्र तोंडाने तयार होतात. ज्याला सगळं येतं पण बोलता येत नाही असा विद्यार्थी दर बॅचमध्ये असतो. अभ्यास मोठ्याने करा. एकाने परीक्षक व्हायचं, दुसऱ्याने पेशंट, तिसऱ्याने उत्तर द्यायचं, मग फिरायचं. येत नसेल तर "माहीत नाही, सर" म्हणा; परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे जातात. थापा मारल्या तर ते तिथेच मुक्काम ठोकतात.

अनेक विद्यापीठांत आता ऑस्की पद्धत असते: वेगवेगळी टेबलं, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटं, घंटा वाजली की पुढे. रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे ती मांडली आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे मार्क छोट्या छोट्या कृतींना असतात. स्वतःची ओळख सांगितली का, हात धुतले का, परवानगी घेतली का, चांगली बाजू आधी तपासली का. हे सगळं पोस्टिंगमध्ये अंगवळणी पडलं असेल तर फुकटचे मार्क आहेत.

पायरी ८: 'सरांनी सांगितलं' याच्या पलीकडे

दुसऱ्या वर्षाच्या आसपास तुमच्या लक्षात येईल की दोन शिक्षक एकाच आजाराला दोन वेगळे उपचार सांगतात. दोघंही आत्मविश्वासाने. अशा वेळी पेड्रो नावाचा ऑनलाइन साठा उघडा. फिजिओथेरपीतल्या उपचारांच्या चाचण्या (ट्रायल), आढावे आणि मार्गदर्शक सूचना तिथे विनामूल्य शोधता येतात. १९९९ पासून तो ऑस्ट्रेलियातून चालतो. चाचण्यांना १० पैकी गुण दिलेले असतात, त्यामुळे कुठल्या अभ्यासाला किती वजन द्यायचं याचा अंदाज येतो. महिन्याला एकच प्रश्न घ्या, तोही पाहिलेल्या पेशंटवरून: अशा माणसाला, हा उपचार त्या उपचारापेक्षा, अमुक गोष्टीसाठी जास्त उपयोगी पडतो का? प्रश्न असा चार तुकड्यांत लिहिला की शोध सोपा होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषयही अशाच वहीतून निघतो. आणि सापडलेलं शिक्षकांना सांगताना सूर सांभाळा, "सर, हे वाचलं, तुमचं काय मत?" याने दार उघडतं, "सर, हे चूक आहे" याने बंद होतं.

आपलं स्वतःचं शरीर

दुसऱ्यांच्या कमरा सांभाळताना विद्यार्थ्यांच्याच कमरा जातात. प्लिंथची, म्हणजे उपचाराच्या पलंगाची, उंची बदलता येत असेल तर प्रत्येक पेशंटला बदला, आळस करू नका. मसाज आणि मोबिलायझेशन (हाताने सांधा हलवणं) करताना अंगठ्यावर सगळं वजन टाकायची सवय पहिल्याच वर्षी मोडा; तळहात, कोपर, शरीराचा भार वापरायला शिका. जड पेशंट एकट्याने उचलणं हे शौर्य नाही, मदतनीस बोलवा. आणि वर्गात ज्या कंबर-पोटाच्या व्यायामांवर निबंध लिहिता त्यातले दोन तरी रोज करा.

मनाचंही तेच. ज्यांच्याशी महिनाभर रोज बोललात ते आजोबा एका सकाळी बेडवर नसतील. वॉर्डात कुणी त्याबद्दल बोलणार नाही, कारण सगळ्यांना पुढचं काम असतं. बॅचमधल्या कुणाशीतरी बोला. लगेच, त्याच दिवशी.

शेवटचं वर्ष आणि इंटर्नशिप

स्पेशलायझेशन आधीच ठरवून येऊ नका. बहुतेकांना सुरुवातीला स्पोर्ट्स हवं असतं, आणि त्यातले बरेच लहान मुलांच्या किंवा न्यूरोच्या वॉर्डात रमतात. प्रत्येक पोस्टिंगनंतर एकच नोंद करा: इथे वेळ कसा गेला ते कळलं की घड्याळाकडे बघत होतो?

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, ते आताच करा. लॉगबुकवर सही त्याच आठवड्यात घ्या. शिक्षक बदलून जातात आणि मग सहीसाठी वणवण होते. पोस्टिंगचे तास, विभाग, अभ्यासक्रमाची विषयवार प्रत स्कॅन करून ठेवा, कारण दुसऱ्या देशात नोंदणी किंवा पुढचं शिक्षण घ्यायचं झालं तर नेमका हाच तपशील मागतात, आणि तोवर तुमच्या वेळचा अभ्यासक्रम बदललेला असतो. नोंदणीचा अर्ज निकालाची वाट न बघता वाचून ठेवा. त्याला काय काय जोडावं लागतं ते कळलं की इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात धावपळ होत नाही. पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर एक प्रश्न जरूर विचारा: अडलं तर विचारायला तिथे अनुभवी माणूस असेल का, आणि एका पेशंटला किती मिनिटं मिळतील?